जोत्याच्या चार पायऱ्या
महाड-पोलादपूरच्या खोतांच्या घरांकडे, वृद्ध आईसोबत

माझ्या आईचे वय यंदा ८४ आहे. गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याने अंधुक दिसते. स्मरण मात्र लख्ख आहे. दिवाळीपासून तिने एकच धोशा लावला होता, "एकदा पोलादपूरला जाऊन येऊ. मला जोत्यावर बसायचे आहे." जोते म्हणजे तिच्या माहेरच्या घराचे. पोलादपूर तालुक्यात सावित्रीच्या काठी वसलेल्या एका लहानशा गावात तिच्या आजोबांची खोती होती. बारा खणांचे ते कौलारू घर अजून उभे आहे, आणि त्यात तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे मामा, वयाच्या ७९व्या वर्षी एकटे राहतात.

गेल्या आषाढात रात्री उठून न्हाणीघराकडे जाताना मामा माजघराच्या उंबरठ्याला अडखळून पडले. हाड मोडले नाही, परंतु सकाळी स्वयंपाकाची बाई येईपर्यंत ते जमिनीवरच पडून होते. तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न घोळत राहिला. मामांना ठाण्याला आणावे, की आई म्हणते तसे तिलाही तिकडेच ठेवावे? "दोघे भावंडे एकमेकांना सांभाळू," असे तिचे म्हणणे. हा प्रश्न दूरध्वनीवर सुटणारा नव्हता. म्हणून माघ महिन्यात आम्ही निघालो.

माघ निवडण्यामागे कारण होते. महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे आतले, सह्याद्रीला टेकलेले तालुके. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पावसाळ्यात घाटांत दरडी येतात, नद्या फुगतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, आणि त्याच पुरात महाड शहर पाण्याखाली गेले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. वैशाखातील दमट उकाडाही वृद्धांना सोसवत नाही. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा काळ येथे खरा सुखाचा असतो.

मुंबईपासून महाड सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. आम्ही उजाडण्यापूर्वी निघालो आणि वडखळ, कोलाड, माणगाव असे थांबत गेलो. वृद्ध व्यक्ती फार वेळ एका जागी बसून राहिली की पायांतला रक्तप्रवाह मंदावतो, म्हणून दर दीड तासाने आईला उतरवून पाच मिनिटे चालवले. औषधे सामानाच्या पेटीत न ठेवता हाताशी असलेल्या पिशवीत ठेवली, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत सोबत घेतली. रेल्वेने यायचे असेल, तर कोकण रेल्वेचे वीर हे स्थानक महाडसाठी जवळचे आहे.

तळ्याच्या पायऱ्यांवर

महाडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चवदार तळ्यावर गेलो. आईला तेथे जायचेच होते. "माहेर महाडपासून इतके जवळ, आणि मी हे तळे कधी नीट पाहिले नाही. आमच्या घरात याविषयी कोणी बोलत नसे," ती म्हणाली.

बोलत का नसत, हे त्या इतिहासाकडे पाहिले की समजते. मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली संमत झाला. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह येथे चालत आले आणि तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर परिषदेसाठी आलेल्या लोकांवर गावातील सवर्णांनी हल्ला केला. पाण्याच्या हक्काचा दावा न्यायालयात दहा वर्षे चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

या लढ्यात बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिलेल्या स्थानिक सवर्णांमध्ये सुरेंद्रनाथ टिपणीस, म्हणजे सुरबानाना टिपणीस, यांचे नाव आदराने घेतले जाते. ते महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. स्वतःच्या जातीतल्या, शेजारपाजारच्या माणसांचा रोष पत्करून त्यांनी ही बाजू घेतली. जुन्या प्रतिष्ठित घराण्यांविषयी लिहिताना ही गोष्ट सांगितलीच पाहिजे. वरच्या पायरीवर जन्मलेला माणूस आपण होऊन खाली उतरू शकतो, याचा तो पुरावा आहे.

आई बराच वेळ पाण्याकडे पाहत बसली. उठताना तिने कठड्याला धरले आणि म्हणाली, "पायऱ्या उतरणे चढण्यापेक्षा कठीण असते गं." ती गुडघ्यांविषयी बोलत होती. वैद्यकदृष्ट्याही ते खरे आहे. उतरताना गुडघ्यावर येणारा भार अधिक असतो आणि तोल जाण्याचा धोकाही. म्हणून वृद्धांना पायऱ्या उतरवताना सोबत्याने त्यांच्या एक पायरी खाली राहावे.

नाते आणि पाचाड

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे गाव लागते. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी येथे झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडणारे बाणेदार गृहस्थ अशी त्यांची ओळख सर्वांना आहे. त्यांचे वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते, आणि चिंतामणरावांचे बालपण रोह्यात गेले. कुलाबा जिल्ह्यातल्या देशमुख, खोत, इनामदार अशा अनेक घराण्यांची वाट याच दिशेने गेली. मुले शिकली, वकील झाली, अधिकारी झाली, मुंबईला आणि त्यापलीकडे गेली. मागे राहिली मोठी घरे आणि त्यांत वृद्ध माणसे. कायद्याने खोती गेली हे खरे, परंतु ही घरे रिकामी होण्याचे काम शिक्षणाने त्याआधीच सुरू केले होते.

महाडपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर पाचाड आहे. रायगडाच्या पायथ्याचे हे गाव वृद्धांच्या देखभालीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने पाहावे असे मला वाटते. गडावरचा थंड वारा उतारवयात जिजाबाईंना मानवत नसे, म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांच्यासाठी येथे वाडा बांधला असे सांगितले जाते. त्या वाड्याची तटबंदी आणि जोती आज उभी आहेत. आवारातली तक्क्याची विहीर आईला फार आवडली. विहिरीच्या काठाशी टेकून बसता येईल असे दगडी आसन आहे, आणि मासाहेब येथे बसत अशी आठवण गावात सांगतात. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, आणि १७ जूनला जिजाबाईंनी देह ठेवला. त्यांची समाधीही पाचाडलाच आहे.

मी त्या दगडी तक्क्याकडे पाहत राहिले. राजधानी गडावर, राजवाडा गडावर, सारे वैभव गडावर. आणि तरीही वृद्ध आईच्या प्रकृतीला जे मानवते ते घर खाली बांधले गेले. आईने गडाशी जुळवून घ्यावे असा आग्रह कोणी धरला नाही. आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला तेथेच मिळाले होते. गडावर जायचे तर आता रज्जुमार्ग आहे, मात्र वर पोहोचल्यावरही बरेच चालावे लागते आणि पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर पाचाड पाहून समाधान मानावे, त्यात काही कमीपणा नाही.

खोताचे घर

महाडहून पोलादपूरला निघालो तेव्हा दुपार टळली होती. हा सारा मुलूख पूर्वी जावळीच्या मोऱ्यांच्या सत्तेत मोडे. विजापूरच्या दरबाराने दिलेला चंद्रराव हा किताब ते पिढ्यान्‌पिढ्या मिरवीत. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि मोऱ्यांचे राज्य संपले. राज्ये बदलली तरी डोंगरउतारावर भात, नाचणी आणि वरी पिकवणारी माणसे तीच राहिली, आणि त्यांच्याकडून वसूल गोळा करणारा कोणीतरी मध्ये उभा राहिला. कोकणात तो मनुष्य खोत असे.

खोत हा मुळात गावाचा सारा सरकारात भरण्याची वंशपरंपरागत जबाबदारी घेतलेला माणूस. जे शेतकरी धारेकरी होते ते ठरलेला धारा भरीत; खोताच्या कुळांची स्थिती वेगळी होती. भातशेतीच्या उत्पन्नाचा बहुधा निम्मा भाग, ज्याला अर्धेल म्हणत, आणि वरकस जमिनीतल्या पिकाचा तिसरा भाग, म्हणजे तिर्धेल, त्यांना खोताच्या दारात नेऊन द्यावा लागे. वर खोताच्या शेतावर, घरी लग्नकार्यात, छप्पर शाकारताना वेठ असे. वसुलीचा अधिकार, जमीन आणि धान्याची कोठी एकाच माणसाच्या हाती असल्यामुळे कुळाला दाद मागायला जागा नसे.

याविरुद्ध कुलाबा जिल्ह्यातच मोठे लढे झाले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप करून जमिनी पडीक ठेवल्या. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो मात्र स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली. त्यापुढे कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळे जमिनीची मालक होऊ लागली. आई तेव्हा सोळा वर्षांची होती.

गाडी अंगणाच्या कडेला थांबली. घर आठवणीत होते तितके मोठे मला वाटले नाही, पण देखणे होते. काळ्या दगडाचे तीन फूट उंच जोते, त्यावर सागवानी खांबांची पडवी, आत ओटी, ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा. त्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, आणि भाताच्या कणग्या जेथे असत ती अंधारी कोठी. हे घर सरळ सपाट नाही. अंगणातून पडवीला चार पायऱ्या, पडवीतून ओटीला एक, ओटीतून माजघरात चढता उंबरठा. जोते उंच असण्याला पावसाचे आणि ओलीचे कारण होतेच. पण प्रत्येक उंचीला आणखी एक अर्थ होता. कूळ अंगणात थांबे, गावचा प्रतिष्ठित माणूस पडवीत टेके, बरोबरीचा पाहुणा ओटीवर येई, आणि माजघर घरच्यांचे. घर बांधणाऱ्याने माणसांच्या पायऱ्या दगडात बसवून ठेवल्या होत्या.

आणि आज त्याच चार पायऱ्यांपुढे खोताची नात उभी होती, आणि तिला त्या चढता येत नव्हत्या. प्रत्येक पायरी नऊ इंच उंच, बाजूला कठडा नाही. मी एका बाजूने धरले. दुसऱ्या बाजूने धरायला पुढे आल्या त्या वाडीतल्या वहिनी, मामांची देखभाल करणाऱ्या. त्यांच्या सासरची माणसे तीन पिढ्या याच घराची कुळे होती.

आईने सांगितलेली गोष्ट

संध्याकाळी चहा झाल्यावर आई झोपाळ्यावर बसली. मामा आरामखुर्चीत होते. वहिनी पडवीच्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग आई एकाएकी म्हणाली, "मी आठनऊ वर्षांची असेन. दिवाळी झाली होती, भाताची मोजणी चालली होती. एक बाई खाली अंगणात उभी होती, काखेत तान्हे पोर. पोराच्या अंगात ताप होता, ते रडतसुद्धा नव्हते. तिने विचारले, जरा पडवीच्या सावलीला बसू का. आजोबा म्हणाले, आधी मोजणी होऊ दे. दोन प्रहर ती उन्हात उभी होती. मी याच झोपाळ्यावर बसून पाहत होते. पाणी तरी न्यावे असे वाटले, पण उठले नाही. ते पोर पुढे जगले की नाही, हे मला कधी कळले नाही."

वहिनींचा हात सुपात थांबला. त्या शांतपणे म्हणाल्या, "जगले, आक्का. माझे सासरे ते. गेल्या सालीच गेले. आजेसासू सांगायची आम्हांला ही गोष्ट."

आईचे डोळे भरून आले. "म्हणजे तुला ठाऊक होते? आणि तरी तू माझ्या भावाचे करतेस?"

"ठाऊक व्हतं. इसरलो नाय आम्ही," वहिनी म्हणाल्या. "पण आबांना भाकरी देते ती काय जुनं फेडायला नाय, आक्का. पगार मिळतो म्हणून येते. आन्‌ माणूस एकटा हाय, म्हणून जरा जास्ती थांबते."

आईने झोपाळ्यावर सरकून जागा केली आणि त्यांना जवळ बोलावले. वहिनी हसल्या, पण उठल्या नाहीत. "मला हितंच बरं. वारा लागतो," म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

त्या रात्री आई शांत झोपली. पंचाहत्तर वर्षे मनात राहिलेली गोष्ट ती योग्य माणसाला सांगू शकली होती. क्षमा तिने मागितली नाही, आणि वहिनींनीही दिली नाही. पण जे घडले ते दोघींनी समोरासमोर मान्य केले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली असे मांडले की, वृद्धांचे जुन्या आठवणींत रमणे हे केवळ बुद्धी मंदावल्याचे लक्षण समजू नये. आयुष्याचा हिशेब मांडून पाहणे ही उतारवयातली एक स्वाभाविक मानसिक गरज आहे. वृद्ध माणूस तीच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो तेव्हा आपण कंटाळतो. कदाचित त्या गोष्टीतला शेवटचा भाग त्याने अजून कोणाला सांगितलेलाच नसतो. त्याला तो सांगू द्यावा. मात्र मन अस्वस्थ करणारी आठवण निघाली, तर "जाऊ दे, झाले ते झाले" म्हणून ती तोडू नये, आणि खोदून खोदून विचारूही नये. जवळ बसून ऐकणे पुरेसे असते. झोप उडाली, जेवण सुटले किंवा रडू थांबेनासे झाले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दूरच्या देशातली तशीच घरे

जुन्या जमीनदारांची घरे पाहायला जगभर लोक जातात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापूस आणि उसाच्या मळ्यांच्या मालकांनी बांधलेली भव्य घरे आहेत. उंच खांब, रुंद व्हरांडे, दुतर्फा झाडे. ते वैभव गुलामांच्या श्रमावर उभे होते. गुलामगिरी तेथे १८६५ साली संपली, तरी पुढे कितीतरी वर्षे पाहुण्यांना तेथे दाखवले जाई ते मुख्यतः मालकाचे दिवाणखाने आणि चांदीची भांडी. मिसिसिपी नदीकाठी लुइझियाना राज्यात व्हिटनी नावाचा जुना मळा आहे. तो २०१४ साली संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला झाला, आणि त्याने गोष्टीचे केंद्र बदलले. तेथे मालकांच्या घराइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व गुलामांच्या झोपड्यांना आणि त्यांच्या नावांना दिले आहे.

खोती आणि गुलामगिरी एक नव्हेत. कूळ विकले जात नसे. पण मोठ्या घराच्या सावलीत उभे राहण्याची परवानगी ज्यांना मागावी लागली, त्यांची आठवण त्या घराच्या आठवणीत आली पाहिजे, एवढे साम्य आहे. आपल्याकडच्या खोतांच्या घरांत फणसाची भाजी, झोपाळा आणि कौलांवरचा पाऊस यांचे कौतुक पुष्कळ होते, आणि ते व्हावेही. अंगणात उभी असलेली बाई मात्र त्या चित्रात दिसत नाही. आईला ती दिसत होती, म्हणून तिला तेथे जायचे होते, हे मला उशिरा कळले.

आम्ही काय ठरवले

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे बसलो. आई, मामा, मी आणि वहिनी. वहिनींना बसवून घेण्याचा आग्रह मामांचाच होता. "रोज मला उठवते ती. तिला विचारल्याशिवाय काय ठरवणार?" ते म्हणाले.

मामांनी ठाण्याला कायमचे यायला साफ नकार दिला. "चौथ्या मजल्यावर मी दिवसभर कोणाशी बोलू?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आईनेही मान्य केले की, ८४ आणि ७९ वर्षांच्या दोघांनी एकमेकांना सांभाळणे हे बोलायला सोपे आहे, रात्री एक पडला तर दुसऱ्याला उचलता येणार नाही. शेवटी असे ठरले की, आषाढ ते भाद्रपद, म्हणजे रस्ते बंद पडण्याच्या दिवसांत, मामांनी ठाण्याला यायचे; माघात महिनाभर आईने पोलादपूरला राहायचे; आणि उरलेल्या काळासाठी घर मामांच्या वयाला साजेसे करून घ्यायचे.

घरात केलेले बदल येथे सांगते, कारण गावाकडे जुने घर आणि त्यात एकटे वृद्ध माणूस ही स्थिती आपल्यापैकी अनेकांची आहे.

पहिले काम जोत्याचे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी असा नियम आहे. तीन फूट जोत्याला छत्तीस फुटांचा उतार लागला. तो अंगणात काटकोनात वळवला आणि वळणावर थांबायला सपाट जागा ठेवली. जुन्या पायऱ्या तशाच राहू दिल्या, त्यांना दोन्ही बाजूंनी कठडे लावले आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा रंगवला. नजर अधू झालेल्यांना काळ्या दगडाची कड दिसत नाही, पट्टा दिसतो.

दुसरे काम झोपण्याच्या जागेचे. मामा माजघरात झोपत आणि न्हाणीघर मागच्या दारी होते. आता पडवीचा एक भाग बंदिस्त करून त्यांची खोली केली, आणि तिला लागूनच कमोड असलेले न्हाणीघर बांधले. तेथे खरखरीत फरशी, भिंतीला धरायला दांड्या आणि बसून आंघोळ करण्यासाठी पक्के स्टूल आहे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत एकही उंबरठा नाही. रात्रभर मंद दिवा जळतो, आणि वीज गेली तर उशाशी विजेरी असते. रात्री जाग आल्यावर एकदम उठायचे नाही, पलंगाच्या कडेला दोन मिनिटे पाय सोडून बसायचे आणि मग उभे राहायचे, ही सवय त्यांना लावली. उतारवयात, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, झटकन उठल्यास रक्तदाब उतरून घेरी येते. मामा पडले त्या रात्रीही तसेच झाले असावे, असे त्यांच्या डॉक्टरांचे मत पडले. त्यांनी गोळ्यांच्या वेळाही बदलून दिल्या. हे आपल्या मनाने कधी करू नये.

तिसरे काम वहिनींचे, आणि ते आम्ही इतके दिवस विसरलो होतो. त्या गेली सहा वर्षे एकही ठरलेली सुटी न घेता येत होत्या. आता पगार वाढवला, महिन्याच्या चार सुट्या ठरल्या आणि त्या दिवशी येण्यासाठी वाडीतल्याच एका मुलाला पगार देऊन नेमले. डॉक्टर, रुग्णवाहिका आणि आमचे दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावले. माणसाला उचलताना आपली कंबर कशी सांभाळावी, हे महाडच्या एका फिजिओथेरपिस्टकडून वहिनींनी शिकून घेतले. देखभाल करणाऱ्याची पाठ मोडली, तर ज्याची देखभाल करायची त्याचेही हाल होतात. "घरच्यासारखी आहे" असे म्हणून तिचा मोबदला आणि विश्रांती आपण विसरून जातो. हीसुद्धा एक वेठच आहे, आणि ती आजच्या काळात आपल्याकडूनच घडते.

निघायच्या दिवशी सकाळी आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती, बरोबर त्या जागी जेथे ती बाई उभी होती. उतार तेव्हा बांधायचा होता. गवंडी दोरी लावून मोजमाप घेत होता. "इथून घर किती उंच दिसते गं," आई म्हणाली. "मी कधी इथून पाहिलेच नव्हते."

चैत्रात उतार पूर्ण झाल्याचे मामांनी कळवले. त्यावरून पहिल्यांदा वर आल्या त्या वहिनींच्या सासूबाई. त्यांना संधिवात आहे, आणि गेली दोन वर्षे त्या घरातून बाहेर पडल्या नव्हत्या. आता रोज संध्याकाळी काठी टेकत त्या पडवीत येऊन बसतात, आणि मामांशी पावसापाण्याच्या गोष्टी करतात. आईने दूरध्वनीवर हे ऐकले आणि एवढेच विचारले, "तिथे सावली असते ना त्या वेळी?"